ताई ची, आजीचे गुडघे आणि विहारातला अर्धा तास

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. वाचन संपले की दहा मिनिटे आनापान. बौद्धाचार्य सांगतात, मांडी घाला, पाठ ताठ ठेवा, डोळे मिटा. पुढच्या दोन ओळींतली पोरं-पोरी पटकन मांडी घालून बसतात. मागे भिंतीला टेकून आज्या आणि मावश्या, पाय लांब सोडून. काहीजणी उंबऱ्यावरच टेकतात, कारण एकदा खाली बसल्या की उठवायला दोन माणसे लागतात. गेल्या वर्षी त्यातल्या एका आजीला मी विचारले, “आजी, लागतं का ध्यान?” ती म्हणाली, “कसलं ध्यान बाई, डोळे मिटले की नुसता गुडघाच दिसतो.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण रात्री भांडी घासताना ते वाक्य डोक्यातून जाईना.

या गुडघ्यांचा हिशेब मला पाठ आहे. दहाव्या वर्षापासून नळावरून हंडा-कळशी. लग्नानंतर चार घरची धुणी-भांडी, उकिडवे बसून फरशी पुसणे. कित्येकींची उमेदीची वर्षे नाक्यावर उभे राहून मिळेल त्या बांधकामावर वाळूची घमेली वाहण्यात गेली. घर दहा बाय बाराचे, वर माळा, माळ्याला लोखंडी शिडी. संडास गल्लीच्या टोकाला. पन्नाशी आली की गुडघ्यातली गादी झिजते. डॉक्टर गोळी देतात आणि सांगतात, वजन कमी करा, रोज चाला. कुठे चालायचे? गटाराच्या हलत्या फरश्यांवरून? मग बाई चालतच नाही. चालत नाही म्हणून मांडीचे स्नायू सुकतात, स्नायू सुकले की गुडघ्यावर आणखी भार येतो आणि दुखणे वाढते. हे चक्र मी दवाखान्यात वर्षानुवर्षे पाहिले आहे.

म्हणून या पानावर आज थोडे वेगळे मत मांडते. विहारात बसून करायच्या ध्यानाला जेवढा मान आहे, तेवढाच उभ्याने, सावकाश हालचाल करत करायच्या ध्यानाला मिळायला हवा. आणि त्यासाठी ताई ची हा चिनी प्रकार आपल्या आज्या-मावश्यांना फार सोयीचा आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

ताई ची मी पुस्तकात वाचली नाही. नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर काही वर्षे इथे नोकरी केली, मग घरच्या कर्जापायी सिंगापूरला एका वृद्धाश्रमात कामाला गेले. तिथे सरकारी इमारतींचा तळमजला मुद्दाम मोकळा ठेवतात, नुसते खांब आणि सावली. सकाळी तिथे म्हातारी माणसे जमतात आणि पाण्यात चालल्यासारखी हात-पाय हलवतात. आमच्या आश्रमातही सत्तरी ओलांडलेली एक चिनी बाई शिकवायला यायची. सगळे तिला आंटी म्हणायचे. तिचे इंग्रजी मोडके, माझे त्याहून मोडके. तिने मला एकच गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल: आधी पाय, मागून हात. मी सुरुवातीला हात सुंदर फिरवायची आणि पाय मात्र लाकडासारखे. ती येऊन माझ्या पोटरीवर टिचकी मारायची.

अशाच एका सकाळी वर्ग चालू असताना भावाचा फोन आला. तिथे आठ वाजले होते, इथे साडेपाच. आई पहाटे अंधारात संडासला गेली होती. पायरी ओली, दिवा फुटलेला, धरायला काही नाही. पडली ती कुशीवर. खुब्याचे हाड मोडले. ज्या रुग्णालयात नेले तिथे ऑपरेशनसाठी अकरा दिवस नंबर लागला नाही. पुढे अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ. चौथ्या महिन्यात आई गेली. मी परक्या देशात दुसऱ्यांच्या आईबापांना तोल सांभाळायला शिकवत होते आणि माझ्या आईला कुणी कधी सांगितले नव्हते की तोल हीसुद्धा शिकण्याची, सरावाने वाढवण्याची गोष्ट आहे. त्यानंतर मी परत आले आणि वस्तीच्या कामाला लागले.

आता ताई ची म्हणजे नेमके काय ते सांगते, कारण मोबाईलवर याबद्दल वाटेल ते फिरत असते. मूळ नाव ताईजीच्युआन. त्यातल्या ‘च्युआन’चा अर्थ मूठ. म्हणजे ही मुळात लढण्याची विद्या. चीनच्या हनान प्रांतात चेन घराण्याचे एक गाव आहे, तिथे सतराव्या शतकात तिची घडण झाली असे मानतात. एकोणिसाव्या शतकात यांग लूचान नावाचा माणूस त्या गावात शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू याने ती मोठ्या, सावकाश, सर्वांना जमेल अशा हालचालींत सगळीकडे पोहोचवली. १९५६ साली चीन सरकारच्या क्रीडा आयोगाने लांबलचक प्रकारातून निवडून २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला, तोच आज जगभर चालतो. १९५६! आपल्याकडे त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. हा निव्वळ योगायोग, त्यात आणखी काही शोधू नका. २०२० मध्ये युनेस्कोने ताईजीच्युआनला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

काही उत्साही बंधू सांगतात की ताई ची बौद्ध भिक्खूंनी काढली, बोधिधम्मांनी ती चीनला नेली. बोधिधम्मांची ती दंतकथा शाओलिन विहाराशी जोडलेली आहे आणि तीही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ताई चीमागचा विचार हा चिनी ताओ परंपरेतला, यिन-यांगचा आहे. जे आपले नाही ते आपले म्हणण्याची आपल्याला गरज नाही. इंजेक्शनचा शोध कुठल्या देशात लागला हे विचारून आपण दंड पुढे करत नाही.

हे करताना शरीरात काय घडते? माणूस गुडघे अगदी जरासे वाकवून उभा राहतो. कणा सरळ, खांदे सैल. मग शरीराचा भार हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. चिनी शिक्षक याला भरलेला पाय आणि रिकामा पाय म्हणतात. हंडा कमरेवर घेतलेल्या बाईला हे लगेच कळते, कारण ती रोज तेच करते, फक्त घाईत. इथे घाई काढून टाकायची. भार सावकाश सरकतो तेव्हा मांडीच्या स्नायूला काम पडते, पण सांध्याला हिसका बसत नाही. तळपाय आणि घोटा मेंदूला सारखी खबर देत राहतात की आपण कुठे उभे आहोत, किती कललो आहोत. वयाप्रमाणे ही खबर मंदावते. मधुमेहात तर तळपाय बधिर होतात आणि खबर जवळजवळ बंद पडते. सरावाने ती बरीच सुधारते. शिवाय पडण्याची भीती कमी होते. ही भीती साधी नाही. एकदा पडलेली बाई पुढच्या वेळी इतकी आखडून चालते की त्या आखडण्यानेच पुन्हा पडते.

याचे अभ्यासही झाले आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फुझोंग ली या संशोधकाने सत्तरी ओलांडलेले ६७० लोक घेतले. सगळे आधी पडलेले किंवा चालायला अवघड जाणारे. तीन गट केले, आठवड्यातून दोनदा एकेक तास, २४ आठवडे. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई चीच्या गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघाले. ताकद, तोल, चालणे असे मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी. हा अभ्यास २०१८ चा. त्याआधी २०१६ मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या चेनचेन वांग यांनी गुडघ्याच्या संधिवाताचे २०४ रुग्ण तपासले. १२ आठवड्यांनी ताई ची करणाऱ्यांना फिजिओथेरपी घेणाऱ्यांइतकाच आराम पडला होता आणि मनाची उदासी मात्र ताई चीच्या गटात जास्त उतरली होती. पुढे अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्याच्या दुखण्यासाठी ताई चीची ठाम शिफारस केली. हे अभ्यास तिकडच्या शहरांतले आहेत, तिथल्या लोकांना पाण्यासाठी पहाटे उठावे लागत नाही, हे मी विसरलेली नाही. पण गुडघ्याचा सांधा बोस्टनला आणि आपल्या वस्तीत सारखाच असतो. आणि आपल्याकडे फिजिओथेरपीला एका खेपेचे जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आठवड्याची भाजी येते.

आता मनाचा भाग. इथे मात्र आपल्याला कुठे बाहेर जावे लागत नाही.

सतिपट्ठान सुत्त आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यात श्वासाच्या पाठोपाठ चार इरियापथ येतात: चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे. चारही सारखे. बसणे तेवढे श्रेष्ठ असे तिथे कुठेही नाही. त्यापुढचा भाग संपजञ्ञाचा, म्हणजे पूर्ण भानाचा. पुढे जाताना, मागे येताना, हात आखडताना, पसरताना, खाताना, पिताना भान ठेवावे. त्या यादीत मलमूत्र विसर्जनाचाही उल्लेख आहे. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थबकले. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी संडासला जातानाही भान ठेवायला सांगितले होते आणि मला आईची ती पायरी आठवली.

चंक्रमण, म्हणजे ठराविक जागेत जागेपणाने येरझाऱ्या घालणे, ही तर भिक्खूंची रोजची रीत होती. अंगुत्तर निकायात तिचे पाच फायदे सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मिळालेली एकाग्रता जास्त टिकते. पाचातले चार शरीराचे आहेत, हे माझ्यातल्या नर्सला फार आवडते.

म्हणून मी म्हणते, हालचाल चीनकडून घ्या आणि भान आपल्याच घरातले वापरा. दोन्ही एकमेकांना चपखल बसतात. हात वर जातो आहे, जाणीव हाताबरोबर. भार उजव्या तळव्यावर आला, जाणीव तळव्यावर. मन रेशनच्या रांगेत पळाले, सुनेच्या बोलण्यावर गेले, थोरल्याच्या नोकरीवर गेले. जाऊ द्या. कळले की पुन्हा तळव्यावर आणा. रागवायचे नाही, स्वतःवरही नाही. पुष्कळ बाया म्हणतात, ताई, मन रिकामं होत नाही. रिकामे करायचेच नाही. तळ्यात म्हैस उतरली की पाणी गढूळ होते, ते हाताने खाली दाबून निवळत नाही. म्हैस बाहेर आली की गाळ आपोआप बसतो. अर्धा तास एकाच कामात जागे राहिले की असे होते. आतली शांतता म्हणून जे म्हणतात ते मला तरी एवढेच ठाऊक आहे.

काहींना डोळे मिटून बसले की धडधडते, जुने मारहाणीचे दिवस डोळ्यांपुढे येतात. अशांना डोळे उघडे ठेवून, उभ्याने, हालचाल करत मन स्थिर करणे फार सोपे जाते. त्यांना जबरदस्तीने डोळे मिटायला लावू नका, असे मी शिबिरे घेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते.

सोण कोळिवीस या भिक्खूची गोष्ट इथे सांगायलाच हवी. श्रीमंत घरातला, नाजूक तळव्यांचा मुलगा. राजगृहाजवळ शीतवनात त्याने चंक्रमणाचा इतका ध्यास घेतला की तळपाय फाटले आणि वाट रक्ताने माखली. तरी काही हाती लागेना, म्हणून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला विचारले, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर लागतो का? एवढे लोक सांगतात आणि थांबतात. विनयपिटकात पुढे आहे ते सहसा कोणी सांगत नाही. तथागतांनी सोणाला एका तळाची साधी चप्पल वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळाली तर मीही वापरीन. तेव्हा ती परवानगी सगळ्या संघाला दिली गेली. पायाला जखम झाली तर साधना वाढवा असे नाही सांगितले. चप्पल दिली, आणि सगळ्यांना दिली.

आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे. त्याचा अर्थ कसरत नव्हे, योग्य प्रयत्न. पण गुडघ्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकच होतात: झेपेल तेवढे, पण रोज.

आता ताई चीने काय होत नाही ते. हा भाग कृपा करून घरात मोठ्याने वाचा. मधुमेह बरा होत नाही. रक्तदाबाची गोळी सुटत नाही. झिजलेली गादी परत उगवत नाही. ‘ची’ नावाची ऊर्जा शरीरात फिरवून कर्करोग घालवतो म्हणणारा माणूस खोटे बोलतो. अशी ऊर्जा मोजणारे यंत्र मी कुठल्याही वॉर्डात पाहिलेले नाही. आमच्या शेजारच्या वस्तीतली एक मावशी पैसे भरून कुठल्याशा शिबिराला गेली. तिथे सांगितले, श्वासाने शुगर उतरते, इन्सुलिन बंद करा. तिने केले. तिसऱ्या आठवड्यात पायाच्या अंगठ्याला जखम, मग ती काळी पडली, मग अंगठा गेला. अंगठा गेल्यावर तोल किती जातो ते तिला विचारा. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेले बुद्ध मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत. बाबासाहेबांना स्वतःला अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जेरीस आणले होते. त्यांनी औषधोपचार घेतले आणि काम चालू ठेवले. आपण गोळी सोडून कुणाच्या तरी चमत्काराच्या मागे का जावे?

चळवळीतल्या काही भावांचा आक्षेपही मला ठाऊक आहे. ते म्हणतात, ताई, लोकांना डोळे मिटायला शिकवले की लोक मोर्चाला येत नाहीत. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. मनःशांतीच्या नावाखाली ‘सहन करा’ शिकवणारी दुकाने मीही पाहिली आहेत. पैसेवाल्यांच्या सोसायटीत ताण घालवायला वर्ग असतो, तसाच वर्ग वस्तीत आणून ताण कुठून येतो हा प्रश्न विसरायला लावायचा, हे मला मान्य नाही. पण भाऊ, मोर्चाला जायलाही गुडघा लागतो. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला ज्या आज्या दरवर्षी तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात त्यांना विचारा. आणि आमच्या महिला मंडळाचा अनुभव असा की तोल हा विषय निघाला तेव्हाच बायकांनी पहिल्यांदा विचारले, मग संडासाच्या पायरीला दांडा का नाही? त्यातून अर्ज निघाला: सार्वजनिक संडासाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरायला पाईप, आत एका खोलीत बसायचे भांडे आणि भिंतीला दांडा, रात्रभर चालणारा दिवा. वॉर्ड कार्यालयात तीन हेलपाटे झाले. दिवा लागला आहे. पाईप अजून नाही. तोल कितीही कमावला तरी ओल्या पायरीवर धरायला काही नसेल तर सत्तरीची बाई पडणारच. कमावलेला तोल आणि धरायचा दांडा, दोन्ही मिळाले पाहिजेत. एकाच्या बदल्यात दुसरे घ्यायला मी तयार नाही.

सुरुवात कशी करायची ते आता सांगते. २४ हालचालींच्या मागे लागू नका. चार पुरेत.

आधी नुसते उभे राहा. पावलांत खांद्याएवढे अंतर, बोटे समोर, गुडघे जरा सैल, इतके जरा की बघणाऱ्याला कळूही नये. समोर खुर्चीची पाठ किंवा भिंत हाताच्या अंतरावर. दहा श्वास. तळव्याचा कुठला भाग जमिनीला टेकला आहे ते बघा, टाच की चवडा की कड. मग दोन्ही हात पाण्यावर तरंगत आल्यासारखे खांद्यापर्यंत वर, श्वास आत. हात खाली, श्वास बाहेर. खांदे वर उचलू नका, हंडा उतरवल्यावर सोडता तसे सोडा. हे सहा वेळा.

तिसरी हालचाल भार सरकवण्याची. सगळा भार उजव्या पायावर न्या, इतका की डावी टाच सहज उचलता यावी. थांबा. मग डावीकडे. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नये आणि आत वळता कामा नये. ज्या दिशेला बोटे त्याच दिशेला गुडघा. गुडघा दुखावतो तो इथेच, म्हणून यावर मी कडक आहे. हे जमले की त्यावर हात चढवा: भार उजवीकडे जाताना उजवा हात छातीसमोरून उजवीकडे, डावा पोटासमोरून, मग उलट. चिनी लोक याला ढगांसारखे हात म्हणतात. नजर वरच्या हाताबरोबर.

चौथे, चालणे. मागच्या पायावर पूर्ण उभे राहून पुढचा पाय रिकामा टाका, फक्त टाच. पायरी ओली आहे का ते चाचपावे तशी. खात्री झाली की मगच भार. मांजर चालते तसे, असे ते शिकवतात. भिंतीच्या कडेने सहा पावले जा, वळा, परत या. रात्री संडासला जाताना हीच पावले टाकायची आहेत, हे मनात ठेवा.

पहिले दोन आठवडे दहा मिनिटे, पुढे वाढवत अर्धा तास. जेवल्यावर लगेच नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नको, खिशात गूळ किंवा साखर ठेवा. गुडघा सुजून गरम झाला असेल, चक्कर येत असेल, अलीकडे हाड मोडले असेल किंवा ऑपरेशन झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले किंवा धाप लागली तर थांबा आणि दवाखाना गाठा. उभे राहणे जमत नसेल तर खुर्चीत बसून हात आणि टाचा हलवा, तेही चालते.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. कालामांना तथागतांनी हेच तर सांगितले होते: परंपरेने आले म्हणून नको, कुणी मोठा माणूस बोलला म्हणून नको, स्वतः पारखा. एक वही करा. खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर बांधा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजा. दुसरे, खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जा, वळून या, बसा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजा. शेजारी कोणीतरी उभे राहू द्या. तारीख घाला. १२ आठवड्यांनी पुन्हा मोजा. फरक नसेल तर सोडून द्या आणि मला येऊन सांगा, मी वाद घालणार नाही.

आमच्याकडे विहाराच्या पटांगणात हे सुरू केले तेव्हा नऊजणी आल्या. पहिल्या दिवशी गल्लीतली पोरं भिंतीवर बसून हसत होती. तिसऱ्या दिवशी त्यातली दोन खाली उतरून मागे उभी राहिली. पुरुष अजून येत नाहीत, दुरून चहा पीत बघतात. त्यांचेही गुडघे आहेत, येतील. वाद झाला तो चप्पलेवरून. एका ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे, विहाराच्या आवारात चप्पल नको. मी म्हटले, दादा, या नऊजणींत पाचजणींना शुगर आहे, तळवे बधिर आहेत, खडा टोचला तर कळणारसुद्धा नाही. मग त्यांना सोणाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, वंदनेच्या वेळी आत काढा, बाहेर राहू द्या. तेव्हा रविवारी सकाळी सात वाजता, पाणी भरून झाले की, मागे पट्टा असलेली चप्पल घालूनच या.